निक ड्रेकचे तीनच अल्बम, आधी कुठला लावायचा?

निक ड्रेक (इंग्लंडचा फोक गायक-गिटारवादक) ऐकायचाय पण सुरुवात कुठून करू असं कुणी विचारलं की बहुतेक जण सांगतात की क्रमाने जा, तीनच तर अल्बम आहेत. मीही क्रमानेच गेलो आणि तिथेच फसलो. फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट (1969) आणि ब्रायटर लेटर (1971) मधली भरलेली साथसंगत कानात बसली होती, त्यावर पिंक मून (1972) लावला तर वाटलं हा डेमोच आहे, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, बाकीची वाद्यं टाकायची राहून गेलीयेत बहुतेक. दोन गाणी ऐकून बंद केला तो वर्षभर परत लावलाच नाही. म्हणून माझं मत उलटं आहे, पिंक मून आधी.

आता सगळ्यांनाच ते झेपेल असं नाही, तर फरक सांगतो.

फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट ऐकायला सगळ्यात सोपा. जो बॉइड प्रोड्युसर, डॅनी थॉम्पसनचा डबल बास, आणि काही गाण्यांना रॉबर्ट कर्बीने लिहिलेल्या स्ट्रिंग्ज, हा कर्बी निकचा केंब्रिजमधला मित्र. वे टू ब्लू मध्ये तर गिटारच नाहीये, नुसता आवाज आणि स्ट्रिंग्ज. रिव्हर मॅन पाच मात्रांचं आहे, बोटांवर मोजून बघा, झपताल कानात असेल तर चटकन जमेल, आणि गंमत म्हणजे मोजेपर्यंत कळतही नाही की यात काही वेगळं चाललंय. ज्याला गाण्यात आजूबाजूला काहीतरी घडत राहिलेलं आवडतं त्याने इथून सुरू केलं तरी हरकत नाही. फक्त मग पिंक मूनला लगेच हात लावू नका, मध्ये काही दिवस जाऊ द्या.

ब्रायटर लेटरबद्दल मी थोडक्यात आटपतो कारण मला तो तिघांत कमी आवडतो. ड्रम्स आले, सॅक्सोफोन आला, तीन तुकडे तर नुसते वाद्यांचे. वाईट काहीच नाही, पण निक मधूनमधून स्वतःच्याच रेकॉर्डवर पाहुणा असल्यासारखा वाटतो. नॉर्दर्न स्काय मात्र सोडून, त्यात वेल्व्हेट अंडरग्राउंड बँडवाल्या जॉन केलने वाजवलेला सेलेस्टा आहे, पियानोसारख्या पट्ट्यांचं छोटं वाद्य, घंट्यांसारखा बारीक किणकिणाट, तो ऐकाच.

आणि पिंक मून. ऑक्टोबर 1971, लंडनचा साउंड टेक्निक्स स्टुडिओ, दोन रात्री, आत फक्त निक आणि इंजिनिअर जॉन वुड. 11 गाणी, जेमतेम 28 मिनिटं. एक गिटार, एक आवाज, आणि अख्ख्या अल्बममध्ये वरून घातलेली गोष्ट एकच, ती म्हणजे टायटल गाण्यातला पियानो, तोही त्यानेच वाजवलाय. मोजके सूर येतात आणि जातात, नंतर उरलेल्या दहा गाण्यांत पियानो कुठेच नाही. पहिल्यांदा ऐकताना मी त्याची वाट बघत बसलो होतो हे आठवून आता हसू येतं.

वर्षभराने परत लावला तो हेडफोन घालून, रात्री, लाइट बंद करून, आणि तेव्हा कुठे कळलं की इथे साथसंगत नाहीये असं नाही, ती सगळी गिटारमध्येच आहे, अंगठा जाड तारांवर एक लय धरून ठेवतो आणि बोटं बारीक तारांवर भलतंच काही विणत असतात. नो (Know) नावाचं गाणं आहे, त्यात एकच तुकडा परत परत वाजतो, वर गुणगुणणं आणि शब्द तर जेमतेम चार ओळी. एवढ्यावर गाणं उभं राहतं हे आधी खरं वाटत नाही. गिटार वाजवणाऱ्यांनी तर विचारच करू नये, हाच घ्या. टायटल गाण्याचं ट्युनिंग जाड तारेपासून सी-जी-सी-एफ-सी-ई आहे, दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), नेहमीच्या ट्युनिंगमध्ये कितीही झटापट केली तरी तो आवाज निघत नाही. मोठेपणी वाजवतानाचा त्याचा व्हिडिओ एकही नाहीये, त्यामुळे लोकांनी हे कानाने शोधत शोधत बसवलंय.

एक तक्रार नेहमी येते की हा फार उदास आहे. निक 1974 मध्ये 26व्या वर्षी गेला, तेव्हा पुढचं माहीत असल्यामुळे प्रत्येक ओळीत लोकांना तेच दिसतं. पण शेवटचं गाणं फ्रॉम द मॉर्निंग ऐका, सकाळी खिडकी उघडावी तसं आहे ते. एकटेपणा आहे, रडगाणं नाही. हां, कामं करता करता मागे काहीतरी वाजत राहावं म्हणून हवा असेल तर हा घेऊ नका, तुमचं लक्ष दुसरीकडे असलं की हा ऐकूच येत नाही, त्या कामाला ब्रायटर लेटर बरा.

हयातीत तिन्हीपैकी एकही धड खपला नाही. 1999 मध्ये फोक्सवॅगनच्या एका जाहिरातीत पिंक मून वाजलं आणि मग कितीतरी लोक त्याला शोधत आले, म्हणजे त्यांचीही सुरुवात याच अल्बमपासून झाली आणि त्यांचं काही बिघडलं नाही.

तर पिंक मून, मग दोनेक आठवड्यांनी फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट. आता त्या स्ट्रिंग्जच्या खाली गिटार काय करतीये ते ऐकू यायला लागेल, मला ते पहिल्या फेरीत अजिबात ऐकू आलं नव्हतं. ब्रायटर लेटर सगळ्यात शेवटी, पण नॉर्दर्न स्काय तेवढं आधीच चोरून ऐकलंत तर मी काही बोलणार नाही.