व्हॉल्यूमचे उंच स्तंभ आणि रिकामी ऑर्डर बुक

ज्या टोकनमध्ये, म्हणजे एका लहानशा आभासी चलनात, माझी बरीचशी बचत बुडाली, त्याचा चार्ट मी आजही अधूनमधून उघडून पाहतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या चार्टवर मला शिकवलेल्या नियमांविरुद्ध जाणारे काहीही सापडत नाही. म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. कोणाच्या बोलण्याला भुलून डोळे मिटून पैसे लावले असते, तर सांगण्यासारखे फारसे नव्हते. मी मात्र आठवडेच्या आठवडे अभ्यास करून फसलो.

सुरुवात एका टेलिग्राम चॅनेलपासून झाली. तेथे ‘सर’ म्हणवून घेणारे गृहस्थ बिटकॉइनसारख्या मोठ्या चलनांच्या चार्टवर व्हॉल्यूम, म्हणजे ठरावीक वेळेत झालेल्या सौद्यांची एकूण उलाढाल, कसा वाचावा, हे विनामूल्य शिकवत असत. भाव वाढताना व्हॉल्यूम वाढत असेल तर तेजीत दम आहे, भाव चढतो पण व्हॉल्यूम आटतो तेव्हा तेजी थकली आहे, आणि भाव एका पट्ट्यात अडकलेला असताना ऑन-बॅलन्स व्हॉल्यूमची (भाव चढलेल्या दिवसांचा व्हॉल्यूम मिळवत आणि उतरलेल्या दिवसांचा वजा करत जाणारी) रेषा वर सरकत असेल तर कोणीतरी जाणकार गुपचूप माल गोळा करत आहे, असे ते धडे होते. यातले काहीही त्यांनी मनाने रचलेले नव्हते. जोसेफ ग्रॅनव्हिल यांनी १९६३ मध्ये ऑन-बॅलन्स व्हॉल्यूम लोकांपुढे मांडला तो शेअर बाजारासाठी, आणि आजही तो अनेक जण वापरतात. शिकवणे खरे होते, त्यामुळे शिकवणाराही खरा असेल असे मी धरून चाललो.

पुढे त्यांनी एका लहान एक्सचेंजवरील अपरिचित टोकनचा चार्ट दाखवला. तीन आठवडे भाव जवळजवळ स्थिर होता, व्हॉल्यूम हळूहळू वाढत होता आणि ऑन-बॅलन्स व्हॉल्यूमची रेषा जिन्यासारखी चढत होती. एके दिवशी वीस दिवसांच्या सरासरीच्या आठपट व्हॉल्यूमसह भावाने पट्टा तोडला. मी खरेदी केली. नंतर भाव थोडा खाली आला, तोही कमी व्हॉल्यूमवर, म्हणजे पुस्तकी भाषेत निरोगी माघार. मी आणखी खरेदी केली. चार दिवसांत भाव चाळीस टक्के वर गेला आणि मला स्वतःच्या अभ्यासाचा अभिमान वाटू लागला, हेही कबूल केले पाहिजे.

नफ्याचा थोडा भाग काढून घ्यावा म्हणून मी माझ्याकडील टोकनपैकी पाचवा हिस्सा मार्केट ऑर्डरने, म्हणजे मिळेल त्या भावाला, विकला आणि त्या एका ऑर्डरने भाव अकरा टक्के खाली गेला. चोवीस तासांचा व्हॉल्यूम माझ्या विक्रीच्या शेकडो पट दिसत असताना असे व्हायला नको होते. त्याच क्षणी ऑर्डर बुक, म्हणजे पूर्ण व्हायच्या बाकी असलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरची यादी, नीट पाहिली असती तर चालू भावाच्या खाली खरेदीदार जवळजवळ नाहीतच, हे कळले असते. मी चॅनेलवर विचारले; उत्तर आले की व्हॉल्यूम अजून टिकून आहे, घाबरू नका. दोन रात्रींनंतर भाव पंचाऐंशी टक्के कोसळला. विशेष म्हणजे ही पडझड चढणीच्या तुलनेत अगदी किरकोळ व्हॉल्यूमवर सुरू झाली, आणि कमी व्हॉल्यूमवरील घसरण गंभीर नसते या नियमाला धरून मी पहिले काही तास नुसता बसून राहिलो. पकडायला खाली खरेदीदारच नसल्यामुळे भाव पाडायला फार माल विकावा लागलाच नव्हता.

शोध मी नंतर घेतला, जो आधी घ्यायला हवा होता. त्या एक्सचेंजवरील सौद्यांची यादी उतरवून पाहिली, तेव्हा बहुतेक सौदे खरेदीचा सर्वोच्च भाव आणि विक्रीचा सर्वात कमी भाव यांच्या मधल्या पोकळीत झालेले दिसले, म्हणजे बाहेरच्या कोणाची ऑर्डर त्यांना लागतच नव्हती. माणसे सहसा शंभर, पाचशे, हजार अशा गोल आकड्यांत व्यवहार करतात. येथे गोल आकडे जवळपास नव्हते, आणि पहाटे असो वा दुपार, दर तासाचा व्हॉल्यूम सारखाच होता. एकच मालक दोन खात्यांतून स्वतःशीच सौदे करत असेल तर असे दिसते. याला वॉश ट्रेडिंग म्हणतात. दहा हजार डॉलर दिवसातून शंभर वेळा इकडून तिकडे फिरवले की दहा लाख डॉलरची उलाढाल नोंदली जाते, आणि एक्सचेंजनेच शुल्क माफ केले असेल तर त्याला खर्चही येत नाही.

ऑन-बॅलन्स व्हॉल्यूमला चकवणे तर त्याहून सोपे आहे. दिवसाचा बंद भाव आदल्या दिवसापेक्षा किंचितही वर असेल तर त्या दिवसाचा संपूर्ण व्हॉल्यूम बेरजेत धरला जातो. म्हणून दिवसभर खोटे सौदे फिरवायचे आणि शेवटच्या मिनिटाला भाव केसभर वर ढकलायचा, एवढे पुरते. ज्या जिन्याला मी जाणकारांची खरेदी समजत होतो, तो असा बांधला गेला असावा.

हा प्रकार नवा नाही, याचे मला अधिक वाईट वाटते. मार्च २०१९ मध्ये बिटवाइज या कंपनीने अमेरिकेच्या रोखे नियामकाला सादर केलेल्या विश्लेषणात नोंदवल्या जाणाऱ्या बिटकॉइन व्हॉल्यूमपैकी सुमारे ९५ टक्के खोटा असल्याचे म्हटले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर असा व्हॉल्यूम पैसे घेऊन तयार करून देणाऱ्यांना पकडण्यासाठी एफबीआयने स्वतःच एक टोकन काढल्याचे उघड झाले. दोन्ही बातम्या मी वाचल्या होत्या. माझ्या चार्टशी त्यांचा संबंध असेल हे मात्र मनात आले नाही.

चॅनेलवर पुरावे टाकताच मला काढून टाकण्यात आले. आठवड्याभरात एका अनोळखी व्यक्तीने बुडालेले पैसे आगाऊ शुल्क घेऊन परत मिळवून देण्याची तयारी दाखवली. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, हे माहीत असूनही मी दोन दिवस विचार करत होतो. शुल्क दिले नाही. संदेश, व्यवहारांचे हॅश (ओळखक्रमांक) आणि सौद्यांची यादी जोडून तक्रार तेवढी नोंदवली आहे.

उरलेली टोकन मी चालू भावाच्या किंचित वर विक्रीला लावून ठेवली आहेत. एक्सचेंज आजही त्या टोकनचा भरघोस व्हॉल्यूम दाखवते, दर काही सेकंदांनी माझ्या ऑर्डरच्या जरासे खाली सौदे होत राहतात, आणि तीन आठवड्यांत माझे एकही टोकन विकले गेलेले नाही.