अहेरी–गर्देवाडा एसटी: दलमच्या वाटेवरून एक प्रवास

दिवाळीची सुट्टी संपत आली असताना मी अहेरीहून गर्देवाड्याला एसटीने गेलो आणि त्याच मार्गाने परत आलो. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात एका आश्रमशाळेत मी अनेक वर्षे शिक्षक होतो. त्या काळी गट्ट्याच्या पुढच्या गावांतला बाप पोराला शाळेत पोचवायला डोक्यावर गाठोडे घेऊन चालत येत असे, आणि पावसाळा लागला की त्या पोराचे घर महिनोन्‌महिने तुटलेलेच राही. त्यामुळे या बससेवेविषयी लिहिताना मी केवळ तिकीट काढलेला प्रवासी नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

ही सेवा 1 जानेवारी 2025 रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते सुरू झाली. गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी या 32 किलोमीटरच्या रस्त्याचे आणि ताडगुड्डा पुलाचे लोकार्पण त्याच दिवशी झाले. स्वातंत्र्यानंतर 77 वर्षे या भागाने एसटी पाहिली नव्हती. आलापल्लीचे सागवानाचे जंगल मागे पडल्यावर एटापल्ली येते, तेथून हेडरीकडे निघाले की सुरजागडचा डोंगर दिसू लागतो, आणि खनिज वाहणाऱ्या अवजड गाड्यांच्या रांगेमुळे बसचा वेग मंदावतो. उडणारी लाल धूळ खिडकीतून थेट अंगावर येते. गट्ट्यापुढे मात्र रस्ता मोकळा होतो, आणि दोन्ही बाजूंना कापणीला आलेल्या धानाच्या बांध्या दिसतात.

आसने साधीच, पण स्वच्छ होती. महिलांना अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास ही एसटीची सवलत येथेही लागू असल्याने आठवडी बाजाराला निघालेल्या बायांनी बस भरून गेली होती. वाहकाला माडिया भाषा कामापुरती येत होती आणि चालकाला तेलुगू. परतीच्या प्रवासात गर्देवाड्याला आठवी-नववीतली एक मुलगी पत्र्याची पेटी घेऊन चढली. तिचे वडील खालूनच म्हणाले, “भाऊ, पोरीचा मामा अहेरीच्या स्टँडवर येणार आहे, तोवर तिला एकटी सोडू नका.” वाहकाने पेटी स्वतः उचलून चालकामागे ठेवली आणि सांगितले, “काळजी नका करू दादा, मामाच्या हाती दिल्याशिवाय मी हलत नाही.” अहेरीला उतरल्यावर मामाला यायला उशीर झाला, तेव्हा तो खरोखरच तिच्याजवळ उभा राहिला. सेवा चांगली आहे असे मी म्हणतो, ते या वागण्यामुळे.

ही बस इथवर कशी पोचली, हे सांगितल्याशिवाय तिचे मोल कळणार नाही. या जिल्ह्याने 2009 या एकाच वर्षी मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथे नक्षलवाद्यांच्या हल्ल्यांत आपले अठ्ठेचाळीस पोलीस गमावले. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याच्या भूसुरुंग स्फोटात पंधरा जवान आणि त्यांच्या खाजगी वाहनाचा चालक गेला. पोलिसांचे खबरी ठरवून नक्षलवाद्यांनी मारलेल्या आदिवासींची गणती याहून वेगळी आहे. त्यांच्या प्रेताशेजारी सापडलेल्या चिठ्ठ्यांची भीती माझ्या शाळेतल्या मुलांच्या डोळ्यांत मी पाहिलेली आहे.

त्या काळी पोलिसांचे पथक गावात येई, विचारपूस करी आणि संध्याकाळच्या आत परत जाई. रात्री दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी, येऊन त्याच विचारपुशीचा हिशेब मागे. चकमक जिंकली तरी गाव कोणाच्याच हाती लागत नसे. 1990 साली साठ जवानांपासून सुरू झालेल्या गडचिरोली पोलिसांच्या सी-60 पथकाने हे चित्र पालटायला सुरुवात केली, कारण त्यातली पोरे याच जिल्ह्यातली, हीच भाषा बोलणारी आणि याच जंगलात वाढलेली होती. एप्रिल 2018 मध्ये कसनसूर–बोरियाच्या जंगलातल्या चकमकीत, नोव्हेंबर 2021 मध्ये मर्दिनटोल्याला माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडे मारला गेला त्या चकमकीत, आणि 17 जुलै 2024 रोजी वांडोलीला बारा नक्षलवादी ठार झाले तेव्हा दलमांचा कणा एकेक मणका करून मोडत गेला. तरीही माझ्या मते खरा फरक पडला तो त्यानंतर पोलीस माघारी न फिरल्यामुळे. नोव्हेंबर 2023 मध्ये वांगेतुरीला चोवीस तासांत पोलीस मदत केंद्र उभे राहिले, पुढच्या जानेवारीत गर्देवाड्याला, आणि पाठोपाठ पेनगुंडा व कवंडे येथे. छत्तीसगडची सीमा येथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि महाराष्ट्रात कारवाई करून पलीकडच्या अबुझमाडच्या जंगलात शिरण्याची दलमांची जुनी वाट या केंद्रांनी अडवली. पलीकडून छत्तीसगडच्या दलांनीही तो आसरा मोडला. माओवादी पक्षाचा सरचिटणीस बसवराजू 21 मे 2025 रोजी त्याच अबुझमाडच्या परिसरात मारला गेला.

बस सुरू झाली त्याच दिवशी, अडतीस वर्षे नक्षलवादी चळवळीत काढलेल्या तारक्कासह अकरा जणांनी गडचिरोलीत आत्मसमर्पण केले. ऑक्टोबर 2025 मध्ये तिचा पती, माओवादी पक्षाच्या शीर्ष नेतृत्वातला, पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती, आणखी साठ जणांना घेऊन गडचिरोलीतच शरण आला. त्यांनी चोपन्न शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीच्या बळावर लढा पुढे नेणे आता शक्य नाही, हे नेतृत्वातल्या माणसानेच मान्य करणे हे मला कोणत्याही चकमकीपेक्षा मोठे यश वाटते, कारण त्यात कोणाच्याही घरी प्रेत गेले नाही. नक्षलवाद संपवण्यासाठी केंद्र सरकारने 31 मार्च 2026 ही मुदत जाहीर केली होती, आणि निदान या रस्त्यावर तरी ती मला कागदी वाटली नाही.

माझ्याजवळ बसलेल्या एका वयस्क गृहस्थांना मी विचारले, आता भीती वाटते का. ते बराच वेळ बाहेर पाहत राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, रात्री कुत्री भुंकली की अजून जाग येते. पण आता उठून दार लावत नाही, झोपतो.”

या सेवेकडून काही मागण्याही आहेत. थांब्यांवर ऊनपावसासाठी निवारा हवा. शाळा उघडण्याच्या आणि सुटीला लागण्याच्या दिवसांत जादा गाडी हवी. मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात गाठोड्यांना टपावर किंवा डिकीत हक्काची जागा मिळावी, म्हणजे व्यापाऱ्याने घरापुढे येऊन भाव पाडण्याऐवजी बायांना स्वतः बाजार गाठता येईल. पोलीस मदत केंद्रांचा बंदोबस्त उद्या कमी झाला, तरी बसची फेरी कमी होऊ नये. वनहक्काचे दावे, डोंगरावरची खाण, आणि दवाखान्यात डॉक्टर असणे हे प्रश्न दलम गेल्याने सुटलेले नाहीत, पण ते घेऊन एटापल्लीच्या तहसील कार्यालयात सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येणे आता माणसाला जमते.

जाणाऱ्यांनी आधार कार्ड आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत, पाणी भरून घ्यावे, आणि गट्ट्यापुढे मोबाइल लागेल या भरवशावर राहू नये. माझ्या फोनची रेंज तर एटापल्लीनंतरच गेली होती. परतीच्या गाडीची वेळ अहेरी बसस्थानकावर निघण्याआधीच विचारून घ्यावी, आणि शक्य असल्यास डावीकडची खिडकी धरावी. सुरजागडचा डोंगर मला तिथूनच सर्वांत जवळ दिसला.