बेळगावातली खानावळ : भाकरी एक नंबर, फळा मात्र दोन भावांचा

कॉलेजच्या नोकरीसाठी बेळगावात येऊन मला चौथं वर्ष, विषय भाषाशास्त्र, राहतो एकटा आणि स्वयंपाकाच्या नावानं बोंब, त्यामुळे खानावळीवर बोलायचा अधिकार मला नक्की आहे. खडेबाजारच्या मागच्या एका गल्लीतली ही लिंगायत खानावळ, सहाच टेबलं. नाव मुद्दाम देत नाही, खाली तक्रार आहे आणि उद्या दुपारी मला तिथेच जेवायचंय.

आधी जेवण. ज्वारीची भाकरी दोन प्रकारची, पापडासारखी कुरकुरीत ती कडक रोट्टी आणि तव्यावरून थेट ताटात येते ती बिसी रोट्टी, बिसीच मागा. भरलं वांगं म्हणजे एण्णेगाई, तेल सुटलेलं, दाण्याच्या कुटात मुरलेलं. शेंगाचटणीवर दही ओतून घ्यायचं आणि मग कुणाशी बोलायचं नाही. सणाच्या आसपास होळगी म्हणजे आपली पुरणपोळी असते, तिच्यासोबत कट्टिन सारू, म्हणजे कटाची आमटीच हो, नाव पण जवळजवळ तेच. वर तूप वाढतात त्याला तुप्पा म्हणतात. भात मात्र रोज चिकट, त्याबद्दल चार वर्षं सांगतोय.

खरी मजा ऐकण्यात आहे. गल्ल्यावरचे मालक गिऱ्हाईक दारात दिसलं की तोंड उघडायच्या आत भाषा ठरवतात, कशावरून ते त्यांनाही सांगता येत नाही, पण चुकताना मी दोनदाच बघितलंय. भाकऱ्या कन्नडमध्ये मोजतात, ओंदु, एरडु, मूरु, आणि पैसे मराठीत. विचारलं तर म्हणाले शाळा मराठी होती, हिशोब मास्तरांनी मारून शिकवला, भाकऱ्या आईनं मोजायला शिकवल्या.

पहिल्या दिवशी मला म्हणाले "या री सर, बसा री", आणि मी पन्नाशीचा माणूस दचकलो, आपल्याकडे "ऐक री" बाईमाणसाला म्हणतात ना. इकडच्या कन्नडमध्ये हा री आदराचा, तो मराठीलाही चिकटवून टाकतात. वाढणाऱ्या बाईंना आम्ही मराठीवाले ताई म्हणतो, शेजारच्या टेबलावरचे कन्नड आजोबा पण तायी म्हणतात, पण कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. त्या दोघांनाही तेवढीच भाकरी वाढतात.

जेवून उठताना कुणीतरी कुणाला विचारतंच, "ऊटा आतेन री?" आता हे उलगडून बघा. ऊटा म्हणजे जेवण, आत म्हणजे झालं, एन म्हणजे का, री म्हणजे आपला हो. "जेवण झालं का हो?" शब्द सगळे वेगळे आणि एकही जागचा हललेला नाही. सांगलीजवळच्या कुपवाड गावातल्या बोलण्यावर गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी 1971 मध्ये हेच लिहिलं होतं, पिढ्यानपिढ्या शेजारी राहून मराठी, कन्नड, उर्दूचं व्याकरण एका साच्यात आलं, शब्द तेवढे ज्याचे त्याच्याकडे राहिले. वर्गात शिकवताना पोरं जांभया देतात, इथे हात धुवायच्या रांगेत फुकट ऐकायला मिळतं.

खानावळीत एकभाषी फक्त एकच, तो पैसे आले की ओरडणारा स्कॅनरचा डबा. तो कन्नडच बोलतो, समोर कोण का असेना.

आता तक्रार. 2024 पासून कर्नाटकात पाटीवर 60 टक्के कन्नड पाहिजे असा कायदा आहे, म्हणून मालकांनी बाहेरची पाटी नवी करून घेतली आणि त्याच पेंटरकडून आतला भावफळा पण रंगवला. वर मोठ्ठ्या अक्षरात कन्नड, खाली बारीक मराठी ("चटनी" लिहिलंय, सोडून देतो). नंतर भाव वाढले तेव्हा वरचेच आकडे बदलले. म्हणजे कन्नडमध्ये ताट 130, मराठीत अजून 110. मी आपला 110 देऊन निघालो तर हाक मारली. मी म्हटलं अहो इथे स्पष्ट लिहिलंय, दोन भाषांत फरक पडला तर कुठला मजकूर ग्राह्य ते तरी खाली लिहा, मोठमोठ्या करारांत लिहितात तसं. मालक फळ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "सर, तुम्हाला दोन्ही वाचायला येतंय की. मग मोठं वाचा की."

20 रुपये दिले. डबा कन्नडमध्ये ओरडला. पाचपैकी चार स्टार, एक भाताचा कापला.