रेंजफाइंडर की एसएलआर: ३५ मिमी फिल्मसाठी काय घ्यावे?

फिल्मवरच काम करायचे हे ठरले, रोल आणि लेन्स यांची ओळखही झाली, की प्रश्न उरतो तो कॅमेरा रेंजफाइंडर घ्यावा की एसएलआर. रेंजफाइंडरमध्ये लेन्समधून नव्हे, तर वेगळ्या खिडकीतून पाहायचे आणि तिथे दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा; एसएलआरमध्ये आरशाच्या मदतीने लेन्समधूनच दिसते. मी दोन्ही वापरले आणि शेवटी एसएलआर ठेवला. मात्र रेंजफाइंडरची बाजू लंगडी आहे असे कोणी समजू नये.

१९५४च्या लायका एम३मधून एकदा पाहिले, की बऱ्याच एसएलआरचे व्ह्यूफाइंडर (डोळा लावायची खिडकी) काळवंडलेले वाटू लागतात. एसएलआरमध्ये शटर उघडते त्याच क्षणी आरसा वर जातो आणि डोळ्यापुढे अंधार होतो. रेंजफाइंडरमध्ये तो क्षण दिसत राहतो. शिवाय आरशाचा हादरा नसल्यामुळे १/१५ सेकंदाला हातात धरून काढलेली छायाचित्रेही मला बऱ्यापैकी सुस्पष्ट मिळाली.

माझे अडले ते चौकटीच्या कडांपाशी. जवळच्या वस्तूवर फोकस करताना लेन्स पुढे सरकते आणि तिच्यात मावणारे दृश्य किंचित आक्रसते. रेंजफाइंडरच्या खिडकीत चौकट दाखवणाऱ्या रेषा सहसा या जवळच्या अंतराला धरून आखलेल्या असतात, म्हणजे निदान काही कापले जात नाही. पण त्यामुळे दूरचे दृश्य टिपताना रेषांबाहेरचेही बरेच काही फिल्मवर उतरते. निगेटिव्ह वापरणाऱ्यांना याचे फारसे वाटणार नाही, कारण प्रिंट करताना कडा छाटता येतात. मी मात्र मुख्यतः स्लाइडवर (थेट पाहायच्या पॉझिटिव्ह फिल्मवर) काम करतो आणि तिथे कॅमेऱ्यात झाले तेच अंतिम. लाइटबॉक्सवर रोल पसरल्यावर एकामागून एक चौकटीत कडेला न पाहिलेली विजेची तार किंवा कुणाचा अर्धा खांदा निघू लागला, की रेंजफाइंडरचे बाकीचे गुण आठवेनासे होतात. एसएलआरचा फाइंडरही सहसा चौकटीचा ९२ ते ९५ टक्केच भाग दाखवतो, परंतु स्लाइडचा माउंट (ती ज्यात बसवतात तो साचा) कडा थोड्या झाकतोच, त्यामुळे हिशेब जवळजवळ जुळतो. (१९५९चा निकॉन एफ पूर्ण चौकट दाखवतो, गंमत अशी, की तिथे काळजीपूर्वक जुळवलेली कडा माउंटखाली जाते.)

ज्यांचा भर वाइड लेन्स, मंद प्रकाश आणि कृष्णधवल निगेटिव्हवर आहे, त्यांनी माझे ऐकू नये. इतरांनी, विशेषतः स्लाइड वापरणाऱ्यांनी, एसएलआर घेतलेला बरा असे मला वाटते. जुना घेताना आरशाजवळचा फोम चिकट झालेला आढळला तरी घाबरू नये, तो सहज बदलता येतो. रेंजफाइंडरमध्ये मात्र दूरच्या वस्तूच्या दोन्ही प्रतिमा आडव्या आणि उभ्या दिशेने नीट जुळतात का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण ती जुळणी करून देणारा जाणकार सहजासहजी सापडत नाही.