मुलाखतीची सक्ती की नेमणुकीचं लक्ष्य?

कोचच्या नेमणुका वंश न पाहता, जरा न्यायानं व्हाव्यात असं तुमच्या क्लबच्या समितीला खरंच वाटत असेल, तर दोन पर्याय हमखास समोर येतील. एक अमेरिकन फुटबॉलमधला रूनी रूल आणि दुसरा इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा 2020 चा डायव्हर्सिटी कोड. पश्चिम लंडनमधल्या आमच्या लहानशा क्लबात आम्ही आधी पहिला वापरून पाहिला, मग दुसऱ्याकडे वळलो.

रूनी रूलचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. 2002 मध्ये जॉनी कॉकरन आणि सायरस मेहरी या वकिलांनी एक अहवाल काढला. कृष्णवर्णीय मुख्य कोच सामने जास्त जिंकतात, तरी त्यांना संधी उशिरा मिळते आणि नारळ मात्र लवकर मिळतो, असा त्याचा सूर होता. टोनी डंजी या कृष्णवर्णीय मुख्य कोचला टॅम्पा बे संघानं नुकतंच काढलं होतं, तेही हरल्यापेक्षा जास्त सामने जिंकलेल्या मोसमानंतर. 2003 पासून एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, नियम झाला : मुख्य कोच नेमण्याआधी निदान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच. पुढे 2007 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, डंजी आणि लव्ही स्मिथ हे दोन कृष्णवर्णीय कोच समोरासमोर उभे राहिले. नियम नुसता कागदावरही नव्हता. पहिल्याच वर्षी डेट्रॉइट लायन्स संघाचे प्रमुख मॅट मिलन यांना 2,00,000 डॉलर दंड झाला.

पण त्या दंडामागची गोष्ट ऐका. कोच म्हणून स्टीव्ह मारिउची हा गोरा उमेदवारच येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ज्या कृष्णवर्णीय उमेदवारांना विचारलं त्यांनी मुलाखतीला यायलाच नकार दिला. 2022 मध्ये ब्रायन फ्लोरेस या कृष्णवर्णीय कोचनं लीगवर खटला भरला, तेव्हाही दुखणं तेच. न्यूयॉर्क जायंट्स संघाची मुलाखत तीन दिवसांवर असताना त्याला बिल बेलिचिक या नामवंत कोचचा, ती जागा मिळाल्याबद्दल अभिनंदनाचा मेसेज आला. तो होता दुसऱ्या ब्रायनसाठी, ब्रायन डेबॉलसाठी. खटला दाखल झाला त्या दिवशी 32 संघांत कृष्णवर्णीय मुख्य कोच एकच होता, माइक टॉमलिन.

हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी आमच्याकडे व्हायचं ते झालंच. चौदा वर्षांखालच्या संघासाठी कोच हवा होता. नियम पाळायचा म्हणून घाना वंशाच्या एका गृहस्थांना बोलावलं. ते भर पावसात आले, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सहा आठवड्यांच्या सरावाचं वेळापत्रक घेऊन. समितीतल्या कुणी एक धड प्रश्न विचारला नाही. मला ठाऊक होतं की किट-रूमची किल्ली आदल्या शनिवारीच दुसऱ्याच्या खिशात गेलीय. निघताना त्यांनी मलाच विचारलं, कधी कळवाल? मी म्हणालो, आठवड्याभरात.

माझा मामा गावाकडे संस्थेच्या शाळेत शिक्षकाच्या जागेसाठी असाच तीनदा जाऊन आला होता. जाहिरात पेपरात, उमेदवार घरात. त्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत मी बसेन असं काही वाटलं नव्हतं.

इंग्लंडचा कोड आमंत्रणापाशी थांबत नाही, तो नेमणुका मोजतो. पुरुषांच्या व्यावसायिक क्लबांसाठी नव्या कोचिंग नेमणुकांपैकी 25 टक्के कृष्णवर्णीय, आशियाई किंवा मिश्रवंशीय असाव्यात, वरिष्ठ व्यवस्थापनात 15 टक्के, असं 2020 मध्ये त्यात ठरलं. स्थानिक लोकसंख्या पाहून क्लबला आपला आकडा ठरवण्याचीही मुभा आहे. शॉर्टलिस्टची अट त्यातही आहे, पण भर निकालावर. याला राखीव जागा समजू नका. 2010 च्या इक्वालिटी अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या समानता कायद्यात, ते बसत नाही. दोन उमेदवार सारख्याच योग्यतेचे असतील तरच, त्या-त्या वेळी पाहून, कमी प्रतिनिधित्व असलेल्याला झुकतं माप देता येतं.

त्याची लंगडी बाजूही आहे. कोड आला तेव्हा ऐच्छिक होता, दंड नव्हता, आकडा चुकला तर फार तर लाज. शिवाय वर्षाला दोन कोच नेमणाऱ्या क्लबानं 25 टक्के मोजायचे कसे? आम्ही तीन वर्षांची गोळाबेरीज धरतो आणि वार्षिक सभेत वाचून दाखवतो. तो आकडा वाचताना सेक्रेटरींचा आवाज जो खाली जातो, त्याचा परिणाम आमच्याकडे तरी नियमापेक्षा जास्त झाला. जाहिरात आता ओळखीपाळखीबाहेरही जाते. इतर क्लबांत असंच होईल असं मी म्हणणार नाही.

एनएफएललाही नुसती मुलाखत पुरली नाही, असं मला वाटतं. 2020 मध्ये त्यांनी बक्षीसही आणलं : तुमच्या संघात घडलेला अल्पसंख्याक सहायक दुसरीकडे मुख्य कोच झाला, तर तुम्हाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसऱ्या फेरीअखेर जादा निवडी मिळतात. ही कल्पना मला आवडते, पण आमच्यासारख्यांकडे द्यायला ड्राफ्ट कुठला?

दंड वसूल करू शकेल अशी लीग डोक्यावर असेल, तर रूनी रूल कदाचित तुम्हाला जास्त मानवेल. मग एवढंच करा, शेवटची मुलाखत होईपर्यंत किट-रूमची किल्ली ऑफिसातच राहू द्या.