पडद्यावर १६६

गिरगावातल्या एका छापखान्यात मी अठरा वर्षे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवण्याचे काम केले. उलटी अक्षरे सुलट वाचण्याइतकी नजर तयार झालेली होती आणि ओळीत भलत्याच फाँटचा एखादा खिळा शिरला, तर प्रूफ निघण्याआधीच तो मला खटकत असे. हे आधी सांगण्याचे कारण असे की, पुढे माझी जी फसवणूक झाली ती छापलेल्या तीन आकड्यांची होती, आणि तो छाप चार महिने माझ्याच घरात असून मी एकदाही पाहिलेला नव्हता.

१९९६ च्या अखेरीस छापखान्याने खिळ्यांचे काम बंद केले. घरीच डीटीपी, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याचे काम, सुरू करावे असे ठरवून मी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढले. नामांकित कंपनीचा तयार संगणक आवाक्याबाहेरचा होता, त्यामुळे त्या काळी बहुतेक जण करत तेच मीही केले, म्हणजे ग्रँट रोड स्थानकावर उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घातला. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असे नाव आहे, पण त्या रस्त्यावर ते कुणाच्या तोंडून मी ऐकले नाही.) पेंटियम १६६ प्रोसेसर (संगणकाचा मेंदू असलेली चिप; १६६ हा तिचा वेग), आठ-आठ एमबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ एमबी रॅम, १.२ जीबीची हार्ड डिस्क, चौदा इंची रंगीत मॉनिटर अशी यादी वहीत लिहून दहाबारा दुकानांतून कोटेशने घेतली. जिन्याखालच्या एका दुकानाने बेचाळीस हजार सांगितले. इतरांपेक्षा हा भाव अडीच-तीन हजारांनी उतरता होता. कारण विचारले तेव्हा मालक म्हणाले, "साहेब, आपला माल डायरेक्ट सिंगापूरहून येतो, मध्ये कुणी खाणारा नाही." पक्के बिल हवे असल्यास सेल्स टॅक्स वेगळा पडेल, हेही त्यांनी ओघात सांगितले आणि मी कच्च्या चिठ्ठीवर राजी झालो. कर चुकवण्याचा तो मोह माझाच होता, त्यासाठी दुसऱ्याला बोल लावता येणार नाही.

जोडणी माझ्यादेखत झाली. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने पाऊण तासात सगळे बसवले, आणि बसवता बसवता मला शिकवलेही: पॉवर सप्लायच्या दोन प्लगांच्या काळ्या वायरी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, उलट झाले तर बोर्ड गेलाच म्हणून समजा. रॅमच्या पट्ट्या जोडीनेच का लावायच्या, तेही त्याने सांगितले. एकच गोष्ट त्या वेळी ध्यानात आली नाही. बाकी प्रत्येक भाग पिशवीतून माझ्यासमोर निघाला, पण प्रोसेसर मात्र आतल्या खोलीतून आला तोच डोक्यावर पंखा घट्ट बसवलेला. बटण दाबल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत १६६ मेगाहर्ट्झ असे उमटले आणि मी खिशातले पाकीट काढले.

थंडीत यंत्र उत्तम चालले. एप्रिल उजाडला तसे दुपारी एक-दोनच्या सुमारास ते जागच्या जागी गोठू लागले. एका दिवाळी अंकाची जुळवलेली बारा पाने त्यात गेली. दुकानात फोन केला की दर खेपेस नवे निदान मिळे: व्हायरस असेल, घरात अर्थिंग नसेल, विंडोज पुन्हा टाका. अर्थिंगच्या निदानापायी मी त्यांच्याकडूनच आणखी अठराशे रुपयांचा स्टॅबिलायझर घेतला, यावरून माझा विश्वास कुठवर गेला होता ते कळेल.

अखेर शेजारच्यांचा इंजिनिअरिंगला असलेला भाचा सुट्टीत आला होता, त्याने कॅबिनेट उघडले. सॉकेटचा दांडा वर करून त्याने प्रोसेसर बाहेर काढला, पंखा सोडवला आणि वरची पांढरी पेस्ट स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. बोळा काळपट झाला आणि १६६ मधला शेवटचा सहा निम्मा नाहीसा झाला. उरलेली अक्षरे मी भिंगाखाली धरली तेव्हा मात्र जुनी नजर जागी झाली. दोन सहांची पोटे सारखी नव्हती, शाई कडांना फुटलेली होती आणि भोवतालचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासल्यासारखा खरखरीत लागत होता. भाच्याने चिप उलटी केली. पिनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर एक कोरे स्टिकर होते. ते नखाने काढल्यावर खाली कंपनीचा मूळ छाप होता, आणि त्यात १३३ हा आकडा स्वच्छ वाचता येत होता.

यातली गोम अशी आहे. एकाच घडणीच्या चिपा कारखान्यात तपासल्या जातात आणि ज्या वेगाला जी खात्रीने टिकते तो आकडा तिच्यावर घातला जातो. प्रत्यक्ष वेग मात्र मदरबोर्डवरचे जंपर, म्हणजे पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या, ठरवतात: बोर्डाच्या ६६ (नेमके ६६.६६) मेगाहर्ट्झ या मूळ वेगाच्या दुप्पट केले की १३३, अडीचपट केले की १६६. पडद्यावर दिसतो तो जंपरने लावलेला वेग. चिपेची लायकी किती, हे पडद्याला ठाऊक नसते. १३३ ची चिप १६६ ने पळते, तापते आणि उन्हाळ्यात जीव टाकते. भाच्याने जंपर खाली आणला आणि त्या दुपारपासून यंत्र पुन्हा गोठले नाही. पुढे चार वर्षे ते संथपणे, पण निमूट चालले.

आज जंपर गेले आहेत, युक्ती तीच आहे. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमधली प्रणाली बदलून तो संगणकाला २ टीबी असल्याचे सांगतो, जुन्या ग्राफिक्स कार्डाचे बायोस, म्हणजे त्यातली मूळ आज्ञावली, बदलून ते नव्या मॉडेलच्या नावाने विकले जाते, आणि पडद्यावर दिसणाऱ्या नावावर विसंबून आपण पैसे देतो. पेनड्राइव्ह काठोकाठ भरून तीच माहिती परत वाचून पाहावी. कार्डावर तासभर जड काम चालवून पाहावे. प्रोसेसर सीलबंद खोक्यातून आपल्यासमोर काढायला लावावा आणि पंखा बसण्याआधी दोन्ही बाजूंनी पाहावा. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे आणि १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. माझ्या वेळीही ग्राहक मंच होते, पण मंचापुढे ठेवायला माझ्याजवळ काय होते, ते मला दुकानातच कळले.

चिप रुमालात बांधून मी मालकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, काहीही नाकारले नाही, आवाजही चढवला नाही. फक्त माझ्याकडची चिठ्ठी मागितली, चश्मा लावून ती वाचली आणि माझ्याकडे फिरवून विचारले, "साहेब, यात १६६ कुठे लिहिलंय?" चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात होते: पेंटियम सेट, एक नग, रोख मिळाले.