पुण्यात जोडलेली मर्सिडीज ई२२०: जुनी घेताना काय बघायचं, किंमत कशी ठरवायची

मर्सिडीजच्या डब्ल्यू१२४ मालिकेतली ई२२० आजही घेण्यासारखी गाडी आहे. फक्त इंजिनाचा वायरिंग लूम (तारांचा जुडगा), एसीचा एव्हॅपोरेटर (हवा थंड करणारा भाग) आणि खालचा पत्रा या तिन्हींचा खर्च आधी मोजायचा आणि मग सौद्याला बसायचं. नवा रंग, नवी सीट कव्हर्स आणि मीटरवरचा कमी आकडा बघून या गाडीचे पैसे ठरवले, तर पहिल्याच वर्षी गॅरेजमध्ये गाडीच्या किमतीएवढा खर्च होऊ शकतो.

डब्ल्यू१२४ जर्मनीत १९८४ च्या अखेरीस आली. ब्रुनो साको हे तेव्हा मर्सिडीजच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते. १९९३ मध्ये तिचा चेहरा बदलला, जाळी बॉनेटमध्येच बसवली गेली आणि नावातलं अक्षर आकड्याच्या पुढे आलं: आधीच्या २००ई ची ई२०० झाली. १९९४ मध्ये टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) भागीदारीत मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली आणि १९९५ पासून पिंपरी-चिंचवडला टेल्कोच्या आवारात हीच गाडी जोडली जाऊ लागली. पेट्रोल ई२२० आणि पाच सिलिंडरचं डिझेल ई२५०डी या तिच्या दोन आवृत्त्या. म्हणजे आपल्याकडे मिळणारी बहुतेक सगळी १२४ ही शेवटच्या काळातली, सुधारलेली गाडी आहे, आणि त्या काळातला एक मोठा दोषही तिने सोबत आणलाय.

तो दोष म्हणजे लूम. १९९० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात पुरवठादाराने इंजिनाच्या तारांना जे आवरण वापरलं, ते उष्णतेने कडक होऊन बिस्किटासारखं तुटतं. तारा उघड्या पडल्या की एकमेकींना चिकटतात. आयडलिंग वर-खाली होतं, एखादा सिलिंडर मारेनासा होतो, गरम इंजिन चालू व्हायला त्रास देतं. पुढे शॉर्ट होऊन इंजिनाचा कंट्रोल युनिटच जातो, आणि तो लूमपेक्षा महाग पडतो. पुष्कळ गाड्यांत याच लक्षणांवर आधी प्लग, मग कॉइल, मग एअर मास सेन्सर बदलले जातात आणि गाडी तशीच राहते. दोष तारेत असतो.

तपासायची रीत सोपी आहे. इंजिन थंड आणि बंद ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. मालकाची परवानगी घेऊन इंजेक्टरच्या किंवा इंजिनाच्या पुढच्या बाजूच्या टेम्परेचर सेन्सरच्या कनेक्टरजवळ बाहेरची काळी नळी दोन-तीन सेंटिमीटर मागे सरकवा आणि आतली तार अगदी हलकी वाकवून बघा. आवरण लवचिक असेल तर ठीक. त्याचे तुकडे गळून तांबं दिसलं, तर लूम संपलाय. जोरात वाकवू नका, कारण चालू स्थितीतली गाडी तपासण्यातच बंद पडू शकते. मालक म्हणाला ‘लूम बदललाय’, तर बिल मागा आणि लूमवरचं लेबल बघा. काळी टेप गुंडाळलेला लूम म्हणजे बदललेला लूम नव्हे. टेपमुळे उष्णता आणि तेल दोन्ही आत कोंडतात.

नवा लूम मिळाला तर उत्तम. नाही मिळाला, तर चांगला ऑटो-इलेक्ट्रिशियन जुन्याच कनेक्टरवर पूर्ण लूम नव्याने बांधू शकतो. मात्र तारा उष्णता सोसणाऱ्या, मूळ जाडीच्याच हव्यात. रंगही मूळचेच ठेवा, नाहीतर पुढच्या माणसाला सर्किटचा नकाशा निरुपयोगी ठरतो. सेन्सरच्या ज्या तारांना जाळीचं वेष्टण आहे, त्यांना ते परत द्यायलाच हवं. आणि एक जागा हमखास विसरली जाते: थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या, आतल्या तारा. त्यांचं आवरणही त्याच जातीचं आहे. नवा लूम टाकून जुनी थ्रॉटल बॉडी तशीच बसवली, तर काही महिन्यांत तीच तक्रार परत येते.

दुसरा मोठा खर्च एसीचा. एव्हॅपोरेटर डॅशबोर्डच्या मागे खोल बसवलेला आहे. तो गळला की अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि काम काही दिवस चालतं. गाडी बघायला जाल तेव्हा एसी पूर्ण थंडीवर ठेवून वीस मिनिटं उभ्या गाडीत चालवा आणि मधल्या जाळीत साधा थर्मामीटर धरा. जुनी बिलं असतील तर गॅस किती वेळा भरला ते बघा. दर उन्हाळ्यात गॅस भरला जात असेल तर गळती आहे, आणि बाहेरच्या नळ्या-कंडेन्सर कोरडे असतील तर संशय एव्हॅपोरेटरवरच जातो. नायट्रोजन भरून दाबाची चाचणी केली की खात्री होते. हवा मधल्या जाळीतून न येता काचेवरच जात असेल, तर फ्लॅप हलवणारे व्हॅक्यूमचे रबरी डबे फुटलेत. तेही त्याच डॅशबोर्डमागे आहेत. म्हणून डॅशबोर्ड एकदा उतरवला की एव्हॅपोरेटर, हे डबे आणि हीटरच्या ओ-रिंग एकाच वेळी बदलून टाका. मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही.

पत्र्याचं काम त्या काळाच्या मानाने उत्तम आहे, तरी मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट खाऱ्या हवेत राहिलेली गाडी आणि देशावरची कोरड्या हवेतली गाडी यांत फरक दिसतोच. दाराखालच्या पट्टीवर जॅक लावायच्या चार जागा आहेत. त्यांची प्लास्टिकची झाकणं काढा, आत बोट घाला, पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. बाजूला खाली जी प्लास्टिकची रुंद पट्टी आहे, तिच्यामागे चिखल साठतो आणि गंज बाहेर दिसेपर्यंत पत्रा निम्मा गेलेला असतो. पट्टीच्या खालच्या कडेला बुडबुडे दिसले तर मागे काय असेल याचा अंदाज करा. बॅटरीखालचा तळ, स्टेपनीची खोबण, मागच्या काचेचे खालचे कोपरे आणि मागच्या सबफ्रेमच्या (मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या सांगाड्याच्या) जागा बघितल्याशिवाय सौदा करू नका. खिशात लहान लोहचुंबक ठेवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पुट्टी आहे.

आत पायाशी गालिचा ओला लागला तर लगेच घाबरू नका. बॉनेटच्या मागच्या कोपऱ्यांतल्या पाणी जायच्या वाटा पानांनी तुंबतात आणि पाणी ब्लोअरमधून आत येतं. सनरूफच्या नळ्यांचंही तसंच. साफ करायला फुकट आहे. पण ओला फोम महिनोन्महिने तसाच राहिला असेल, तर तळाचा पत्रा उघडून बघावाच लागतो.

इंजिनाकडे या. ई२२० मधलं एम१११ हे २,१९९ सीसीचं, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्हचं, १५० अश्वशक्तीचं इंजिन. टायमिंग चेनवर चालतं, बेल्ट नाही. नीट वापरलं तर फार टिकतं. गाडी बघायला जायच्या आधी मालकाला सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका. थंड इंजिन चालू करताना चेनचा खडखडाट क्षणभर ऐकू आला तर चालेल, पुढेही चालू राहिला तर टेन्शनर आणि चेन बघावी लागेल. या गाडीत ऑइल प्रेशरचा खरा काटा आहे, त्याचा उपयोग करा. थंड असताना तो ३ बारवर टेकतो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगला तो खाली येणारच, पण ०.३ बारच्या खाली जाता कामा नये आणि ॲक्सिलरेटर दाबताच पुन्हा ३ कडे उठला पाहिजे. उठायला वेळ लागला तर ती गाडी सोडा.

हेड गॅस्केटमधून बाहेर तेल पाझरणं हा या इंजिनाचा नेहमीचा विकार. नुसतं तेल असेल तर किमतीत धरून घेता येतं. कूलंटमध्ये तेल किंवा गॅस असेल तर वेगळी गोष्ट. रात्रभर उभ्या गाडीच्या रेडिएटरचा वरचा होज सकाळी दाबून बघा: टणक लागला तर सिलिंडरचा गॅस पाण्यात जातोय. ट्रॅफिकमध्ये काटा १०० च्या आसपास गेला म्हणून घाबरायचं कारण नाही, त्यापुढे चढतच राहिला तर पंख्याचा व्हिस्कस क्लच आणि रेडिएटर तपासा. बोअरवेलचं पाणी घातलेल्या गाड्यांचे रेडिएटर आतून चुन्याने भरलेले असतात.

ऑटोमॅटिक चार गिअरची आहे आणि हलक्या पायाने दुसऱ्या गिअरमध्येच निघते. कितीतरी जणांना तो बिघाड वाटतो, तो नाही. मात्र ‘आर’ (रिव्हर्स) टाकल्यावर गाडीने घ्यायला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लावला, किंवा डिपस्टिकवरचं तेल तपकिरी होऊन जळकट वास आला, तर गिअरबॉक्सचा खर्च धरा.

सस्पेन्शनबद्दल थोडक्यात: पुढचे खालचे बॉल जॉइंट, कंट्रोल आर्मचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) आणि मागच्या प्रत्येक चाकाचे पाच आर्म एवढं बदललं की गाडी पुन्हा मूळची चालते. लेमफर्डर, सॅक्स, बिल्स्टीन यांचेच भाग घ्या. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे घट्ट करायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. गाडी हवेत असताना आवळले तर बुश पिळलेल्या स्थितीत अडकतात आणि वर्षभरात फाटतात. स्टिअरिंगच्या कडेला अडीच सेंटिमीटरहून जास्त प्ले (ढिलेपणा) असेल तर आधी टाय रॉड आणि आयडलर आर्म बघा. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळणं हा सगळ्यात शेवटचा उपाय.

मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, कारण त्यातला छोटा प्लास्टिकचा गिअर तुटून आकडा थांबतो आणि गाडी तशीच वर्षानुवर्षं चालते. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज खरं सांगतात.

ई२५०डी हवी असेल तर लूमचा प्रश्न इतका जिवावर येत नाही, कारण इंजेक्शन पंप यांत्रिक आहे. तिथे धोका व्हॅक्यूम पंपाचा आहे. त्याचं बेअरिंग फुटलं की गोळ्या टायमिंग चेनमध्ये जातात आणि इंजिन जागच्या जागी संपतं. पंपाचा इतिहास माहीत नसेल तर गाडी घेतल्याबरोबर तो बदला. इंधनाच्या पारदर्शक नळ्यांत बुडबुडे दिसले तर ओ-रिंग बदलणं हे काही रुपयांचं काम.

कागदपत्रांत दिल्लीच्या गाड्या जपून घ्या. तिथे जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे त्या स्वस्त निघतात, पण एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. वीस वर्षांवरच्या मोटारीचं हे शुल्क २०२५ मध्ये १०,००० रुपये झालं, आयात केलेल्या मोटारीला ते ८०,००० आहे. म्हणून आरसीवर गाडी इथेच बनलेली अशी नोंद आहे ना, हे बघा. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. व्हिंटेज नोंदणीचा विचार सोडून द्या, तो नियम पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना आहे. जर्मनीत राहणाऱ्यांचं मात्र सोपं आहे: तिथे तीस वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ स्थितीतल्या गाडीला एच (ऐतिहासिक वाहनाची) नंबरप्लेट मिळते आणि कर वर्षाला सरसकट १९१ युरोच्या आसपास पडतो.

किंमत ठरवताना जर्मन बाजारातली १ ते ५ ही स्थितीची श्रेणी उपयोगी आहे. १ म्हणजे निर्दोष, ३ म्हणजे वापरलेली पण रस्त्यावर चालण्याजोगी, ५ म्हणजे पूर्ण जीर्णोद्धार लागणारी. आपल्याकडे ‘टॉप कंडिशन’ म्हणून दाखवलेल्या बहुतेक गाड्या खरं तर ३ आणि ४ च्या मध्ये असतात. चांगल्या गाडीचा चालू भाव धरा, त्यातून लूम, एसी, पत्रा, रबर आणि टायर यांचे लेखी अंदाज वजा करा. मूळ चाकं, दोन किल्ल्या आणि शिक्के असलेलं सर्व्हिस बुक यांना मात्र थोडे जास्त मोजायला हरकत नाही. पोर्शच्या मदतीने बनलेल्या ५००ई चे परदेशी लिलावातले आकडे दाखवून कोणी ई२२० चा भाव वाढवत असेल, तर ऐकू नका. त्या दोन गाड्यांचा बाजार एक नाही.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात सगळी तेलं बदला. कूलंट मर्सिडीजला मान्य असलेलाच, डिस्टिल्ड पाण्यात निम्मा-निम्मा. तो दोन-तीन वर्षांनी, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं. चाकांचे बोल्ट ११० न्यूटन-मीटरला आवळा. एकुलता वायपर पुढे-मागे सरकत काच पुसतो, त्याच्या गिअरला ग्रीस नसेल तर तो ऐन पावसात अडकतो, म्हणून मे महिन्यातच तो उघडून घ्या.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यासाठी या गाडीचे जुने रबरी होज बनलेले नाहीत. टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे इथेनॉल सोसणाऱ्या इंजेक्शन-दर्जाच्या होजने बदला, क्लिपही नव्या घ्या. बदलल्यानंतर काही दिवसांनी फ्युएल फिल्टर पुन्हा बदला, कारण इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवून पुढे आणतं. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण भरून ठेवा.